नदीकाठच्या कुरणातला रेडिओ

गेल्या साली आमचं नदीकाठचं कुरण हरणांनी फस्त केलं, आणि त्यात चूक आमचीच होती. दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नाही.

त्या वर्षी सरकारनं जुने रेडिओ बंद पाडले. म्हणजे डबे राहिले, पण त्यांत बोलणारं कुणी राहिलं नाही. गावानं नवे डिजिटल रेडिओ आणले. आम्हीही स्वयंपाकघरात एक आणला, वायरीचा. माझ्या नवऱ्याच्या, हाल्वारच्या ट्रॅक्टरला एक डबी लावली. मेंढ्यांच्या गोठ्यातलासुद्धा बदलला. राहिला तो फक्त कुरणातला. खांबावर दुधाच्या उपड्या बादलीखाली टांगलेला तो म्हातारा रेडिओ अकरा वर्षं माणसाची बडबड ऐकवून हरणांना लांब ठेवत होता. हाल्वार नेहमीसारखा रोज जायचा, त्याच्या बॅटऱ्या बघायचा, त्याला एका खांबावरून दुसऱ्या खांबावर न्यायचा. आणि रेडिओ नुसता खरखरत होता. हाल्वारला वाटलं, नदीचा आवाज. तीन आठवडे माझ्या नवऱ्यानं एक मेलेला रेडिओ मोठ्या निगुतीनं या खांबावरून त्या खांबावर फिरवला!

एका सकाळी मी वरून बघितलं तर कुरणात तेवीस हरणं. त्यातलं एक तर रेडिओच्याच खांबाला मान घासत होतं. गवत पार मातीपर्यंत कुरतडलेलं. मी ओरडत धावले, पण ओरडून काय, गवत परत येणार होतं?

त्या हिवाळ्यात आमच्याकडं चारा नव्हता. एकतीस मेंढ्या कत्तलखान्याच्या गाडीत चढवल्या. उरलेल्यांसाठी टोर्शेलकडून गवताचे गुंडाळे घेतले. टोर्शेल आमचा खालच्या वळणावरचा शेजारी, नऊ घरांची जमीन कसतो. गुंडाळे उतरवायला स्वतः आला आणि म्हणाला, "गवत बघ कसंय, गुनवोर. अगदी तुमच्या कुरणासारखं. फक्त कुणी खाल्लेलं नाही."

मी हसले. तिथं हसावंच लागतं. मेंढ्या मागं भुकेनं ओरडत होत्या.

एप्रिलमध्ये नगरपालिकेचं पत्र आलं. आमच्याकडं कायद्यानं जमीन पडीक ठेवता येत नाही. स्वतः कसा, नाहीतर दहा वर्षांच्या करारानं कसणाऱ्याला द्या. पत्रात लिहिलं होतं की नदीकाठच्या कुरणात गेल्या साली कापणी झाली नसल्याचं कळलं आहे, तरी जूनअखेरीस पाहणीला माणूस येईल. कुणी कळवलं ते विचारायची गरज नव्हती, कारण पत्रापाठोपाठ दोन दिवसांनी टोर्शेल करार घेऊनच दारात उभा. कॉफी प्याला, तपकिरी चीजचे चार तुकडे खाल्ले आणि कागद टेबलावर ठेवला.

"मीच कळवलं, लपवत नाही," तो म्हणाला. "तुमच्या भल्यासाठी. हाल्वार, तुझा खांदा गेलाय. माणसानं कधी थांबावं ते कळलं पाहिजे."

हाल्वार दोन वर्षांपूर्वी गोठ्याच्या माळ्यावरून पडला. तेव्हापासून उजवा हात छातीच्या वर जात नाही. तो आपल्या कपात बघत बसला.

टोर्शेल गेल्यावर हाल्वार म्हणाला, "दहा वर्षं म्हणजे फार नाही गं. तोवर आपण सत्तरीला येऊ."

"तू ये सत्तरीला. मी येत नाही."

"गुनवोर, सही करून मोकळं होऊ."

"जमीन दोघांच्या नावावर आहे. तुझी सही तू कर. माझी मिळाली तर बघ."

त्यानं सही केली नाही. कागद फाडलाही नाही. पावाच्या डब्याखाली घडी करून ठेवला, आणि पुढचे दोन महिने मी रोज सकाळी पाव काढताना तो मला दिसत राहिला. माझं डोकं तेवढ्यानंच फिरायचं.

कुरण पाच एकरांचंसुद्धा नाही. पण घरासमोरची जमीन नुसती उतरण आणि दगड. गवत म्हणावं असं येतं ते त्या नदीकाठालाच. ते गेलं की मेंढ्या गेल्या, आणि मेंढ्या गेल्या की आम्ही दोघं खिडकीत बसून टोर्शेलचा ट्रॅक्टर आमच्या जमिनीवर फिरताना बघणार. ते बघत बसण्यापेक्षा मी नदीत पाय सोडून बसेन, म्हटलं.

शेण पसरलं, दगड वेचले, उघड्या पडलेल्या जागी बी टाकलं. मग तालुक्याच्या दुकानात गेले. हातमोजे विणून मिळालेले पैसे माझे स्वतःचे होते.

"सगळ्यात स्वस्त डिजिटल रेडिओ दाखव. हातात नेता येईल असा."

दुकानातला पोरगा लाकडी खोक्याचा एक पुढं करायला लागला. "याचा आवाज ऐक, किती गोड आहे."

"मला गोड नकोय. हरणं पळाली पाहिजेत."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि खालच्या फळीवरून एक प्लास्टिकचा काढला. लाल, वीतभर, वर कडी. तीनशे नव्व्याण्णव क्रोनर. घरी आल्यावर मेंढ्यांवर खूण करायच्या निळ्या रंगानं मी त्याच्या बुडावर माझं नाव घातलं. हाल्वार म्हणाला, "नाव कशाला? कोण चोरतंय?" मी म्हटलं, "चोरासाठी नाही. हा माझा आहे, एवढ्यासाठी."

आणि पहिल्याच दिवशी त्या माझ्या रेडिओनं मला तोंडावर पाडलं.

कुरणात नेला, चालू केला, तर गप्प. पडद्यावर स्टेशनांची नावं येत होती, पण आवाजाचं नाव नाही. जुना रेडिओ निदान खरखरायचा, अर्धंमुर्धं बोलायचा. हा नवा एकतर स्पष्ट बोलतो, नाहीतर मुडद्यासारखा गप्प. मधलं काही नाही. कुरण खोलगट, दोन्हीकडून डोंगर. मी रेडिओ डोक्यावर धरला. काही नाही. दहा पावलं पुढं गेले, पुन्हा डोक्यावर धरला. पाऊस पडत होता. अशी मी सबंध कुरणभर हात वर करून फिरत होते, आणि रस्त्यावर टोर्शेलनं गाडी थांबवून काच खाली केली.

"गुनवोर! शरण येतेस होय?"

"तुला नाही!" मी ओरडले.

"तीनशे क्रोनरचं खेळणं घेऊन चाळीस हरणं हाकलणार? मी दोन मीटर उंचीचं कुंपण घातलंय, तरी येतात!"

"तीनशे नव्व्याण्णव!" मी म्हटलं.

तो हसत गेला. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू? बाह्यांतून पाणी काखेपर्यंत गेलं होतं. पण हात खाली घेतला नाही. आणि कुरणाच्या मधोमध जो मोठा धोंडा आहे ना, नांगरताना सगळ्यांनी शिव्या दिलेला, त्याच्यावर चढले तेव्हा माझ्या डोक्यावर एक बाई एकदम मासेमारीच्या परवान्यांबद्दल बोलायला लागली. आणखी तास घालवला. तीन जागा सापडल्या. धोंडा, वरच्या बांधाचा खांब आणि नदीकडचं अल्डरचं झाड, तेही चार हात वर. तीन तर तीन.

दुसरी भानगड बॅटऱ्यांची. जुना आठवडाभर चालायचा. हा दीड दिवसात चार बॅटऱ्या गिळायचा. तिसऱ्या दिवशी मी जेवताना सेलांचा हिशेब बडबडत होते. हाल्वार बटाटा सोलत ऐकत होता. उठला, गोठ्यातून विजेच्या कुंपणाची जुनी बॅटरी आणली, गाडीत फोन चार्ज करायची डबी तोडली, डाव्या हातानं आणि दातांनी वायरी सोलल्या. संध्याकाळपर्यंत जोडून दिलं.

"हे महिनाभर चालेल," म्हणाला.

"म्हणजे तू माझ्या बाजूचा?"

"मी बॅटरी जोडली. बाजू कुठली आली त्यात?"

असा माणूस. भांडावं तर हातात काही लागत नाही.

त्यानंतर दीड महिना माझा दिवस हरणांच्या वेळापत्रकानं चालला. हरणं येतात पहाटे आणि सांज उतरताना. ती मूर्ख नाहीत. रेडिओ एकाच जागी राहिला तर पाचव्या दिवशी ती त्याच्या खाली बसून रवंथ करतात. म्हणून रोज जागा बदलायची. आज धोंडा, उद्या बांध, परवा अल्डर, कधी उलटं. गाण्यांना ती भीत नाहीत. शांत बातम्यांनाही नाही. भितात ती एकमेकांचं बोलणं तोडणाऱ्या माणसांना. तेव्हा मी चर्चेचं स्टेशन लावून ठेवलं. राजकारणी, डॉक्टर, मच्छीमार, शाळामास्तर, सगळे दिवसभर माझ्या कुरणात भांडत होते. शिवाय रेडिओखाली मी माझा घामट स्वेटर बांधायची. आवाजाबरोबर माणसाचा वासही पाहिजे. तीन स्वेटर आळीपाळीनं घामट करायचे, हेही कामच.

पहाटे चारला उजाडलेलं असायचं. बूट ओले, गुडघे कुरकुरायचे, चिलटं कानात शिरायची. मी बादली वाजवत कुरणाला एक फेरी घालायची, रेडिओ हलवायची, मग मेंढ्यांकडं. कोकरं होत होती. बाह्या वर करून एका मेंढीच्या पोटात हात घालून कोकराचा पाय वळवायचा, आणि कान मात्र नदीकडं, आवाज येतोय ना! एकदा हाल्वार म्हणाला, "तुला झोपेतसुद्धा रेडिओ ऐकू येतो. काल रात्री तू मत्स्यमंत्र्याला खोटारडा म्हणालीस."

"आहेच तो."

मेअखेर गवत घोट्याच्या वर गेलं. जून लागला तसं पोटरीला आलं. मेंढ्या डोंगरावर सोडल्या, आणि मी गवत वाळवायच्या तारांसाठी खांब रोवायला घेतले. आता बहुतेक सगळे प्लास्टिकचे गुंडाळे करतात. आमच्याकडं त्याचं यंत्र नाही, म्हणून खांब आणि तारा. पहारीनं भोक पाडायचं, खांब ठोकायचा, चार तारा ताणायच्या. हे काम हाल्वारचं होतं. या वेळी पहार माझ्या हातात होती, आणि तो एका हातानं खांब धरून उभा राहायचा. खांब सरळ उभा राहिला की मान हलवायचा. एवढंच. संध्याकाळी माझी बोटं मिटत नव्हती. चमचा मुठीत धरून जेवले.

मग बारा जूनची पहाट. मी वरून उतरत होते आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पक्षी ऐकू येत होते. नदी ऐकू येत होती. माणूस ऐकू येत नव्हता.

मी पळाले. नऊ हरणं होती, अल्डरच्या कोपऱ्यात. मला बघून आरामात निघाली, जणू पंगत उठली. कोपरा खाल्लेला, तुडवलेला. रेडिओ झाडावर होता. बॅटरी ठीक, वायर ठीक. कुणीतरी बटण दाबून बंद केला होता. खाली चिखलात मोठ्या बुटांचे ठसे, पुलाकडून आलेले आणि पुलाकडं गेलेले.

मी रेडिओ चालू केला आणि तशीच पुलावरून टोर्शेलच्या अंगणात गेले. तो दारात दात घासत उभा होता.

"तू बंद केलास."

त्यानं ब्रश काढला. "रात्री वारा इकडचा होता. दोन वाजेपर्यंत कुणीतरी पेन्शनवर बोलत होतं. मला सहाला उठायचं असतं, बाई!"

"माझ्या कुरणात येऊन बंद केलास."

"सिद्ध कर," तो म्हणाला, आणि पुन्हा ब्रश तोंडात घातला.

मी काय करणार होते? त्याच्या अंगणात थुंकले आणि परत आले. घरी येऊन हाल्वारला सांगितलं. त्यानं आपला रिकामा कप विसळला. मग म्हणाला, "त्याच्याशी वैर धरून या खोऱ्यात राहता येत नाही, गुनवोर. बर्फ कोण काढतं आपल्या रस्त्यावरचं?" आणि त्याची नजर पावाच्या डब्याकडं गेली. मी बघितली ती नजर. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रेडिओचा आवाज मात्र दोन घरं वाढवला.

पाहणीचा दिवस शुक्रवार. आठवडाभराचा पाऊस थांबून आकाश मोकळं झालेलं, सगळं खोरं कापणीला लागलेलं. पलीकडच्या काठावर शेजारीण एली आणि तिच्या दोन्ही सुना तारांवर गवत चढवत होत्या. नगरपालिकेची पोरगी आली. सिल्ये तिचं नाव, हिरवे बूट, हातात टॅबलेट. आणि तिच्या मागोमाग पुलावरून टोर्शेल, बगलेत कागदाची नवी प्रत. रेडिओ त्या दिवशी धोंड्यावर होता. दोन माणसं गरम होऊन रस्त्याच्या टोलवरून भांडत होती. आम्ही चौघं धोंड्याजवळच उभे राहिलो, कारण सगळीकडचं गवत तिथून दिसतं.

सिल्येनं काहीतरी विचारलं. मला नुसते ओठ हलताना दिसले.

"मोठ्यानं बोल!" मी म्हटलं.

"तो बंद करता येईल का?" ती ओरडली.

"नाही! तो कामावर आहे!"

"पाच मिनिटं!"

"गेल्या वेळी पाच मिनिटांची नऊ हरणं झाली! तू बोल, मला ऐकू येतं!"

सिल्येला हसू आलं बहुतेक. टोर्शेलनं रेडिओकडं हात केला, तशी मी धोंड्यावर चढून रेडिओच्या पुढ्यात बसले. साठीला आलेली बाई धोंड्यावर मांडी घालून बसली की तिला कोण उठवणार?

सिल्येनं गवतातून एक फेरी मारली. गुडघ्याला लागत होतं. आमचे खांब बघितले, तारा हातानं ओढून बघितल्या. मग अल्डरच्या कोपऱ्याकडं बोट केलं. "आणि हे? हे कशानं गेलं?"

"हरणांनी!" मी ओरडले. "एक रात्र रेडिओ बंद होता!"

"का बंद होता?"

"ह्याला विचार!"

टोर्शेल तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी सांगायला लागला. मोठी माणसं बोलतात तसं, खांद्याला खांदा लावून. ती मान हलवत होती. ऐकू येत नाही. तो आणखी जवळ गेला. ती मागं सरकली. "मोठ्यानं!"

त्याचा चेहरा लाल झाला. नऊ घरांच्या जमिनीत त्याला कुणी असं म्हटलं नसेल. आणि तो ओरडला, "मी बंद केला! झोप लागत नव्हती मला! रात्रभर पेन्शन, पेन्शन! काय गुन्हा केला?"

पलीकडं एलीचे हात थांबले. सुनांनीही वर बघितलं. नदीवरून आवाज चांगला जातो, टोर्शेललाच ते माहीत होतं.

"दुसऱ्याच्या कुरणात जाऊन?" सिल्येनं विचारलं, तीही आता ओरडतच होती.

"हे काय कुरण आहे? ही काय शेती आहे? एक लंगडा खांदा आणि एक खेळण्यातला रेडिओ! माझ्याकडं करार तयार आहे! हाल्वार कधीच तयार झालाय! हिचाच हट्ट आहे! विचार त्याला!"

हे शेवटचं खरं होतं. मला ते माहीत होतं आणि हाल्वारलाही. तो मागं खांबाला टेकून उभा होता, टोपी हातात. सिल्ये त्याच्याकडं वळली. "हाल्वार, जमीन दोघांची आहे. तुझं काय म्हणणं?"

त्याचे ओठ हलले.

मी धोंड्यावर बसले होते, माझ्या पाठीशी टोलवाले भांडत होते, आणि मला काही ऐकू आलं नाही. माझा हात बटणावर गेला. खरं सांगते, गेला. दीड महिन्यात पहिल्यांदा मला तो आवाज नकोसा झाला. पण बंद केला असता तर टोर्शेलनं माझ्याकडून बंद करवून घेतला असं झालं असतं. मी हात काढला.

"ऐकू येत नाही!" सिल्ये ओरडली.

हाल्वारनं माझ्याकडं बघितलं. मग टोर्शेलकडं. मग पलीकडं, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या एलीकडं. टोपी डोक्यावर घातली. आणि माझा नवरा, ज्यानं पस्तीस वर्षांत कुत्र्यावरसुद्धा आवाज चढवला नाही, तो नदी दणाणेल असा ओरडला:

"नाही देणार! नाही देणार म्हणतोय! कानांत बोळे घातलेत का सगळ्यांनी?"

पलीकडून एलीची धाकटी सून शिट्टी वाजवून हसली. सिल्येनं टॅबलेटवर काहीतरी टिपलं आणि मला ओरडून सांगितलं, "जमीन कसली जातेय, एवढंच मी लिहिणार! कोपऱ्याचं तुम्ही आपसांत बघा!" टोर्शेलनं कागद बगलेतून काढला, पुन्हा बगलेत घातला, आणि पुलाकडं चालायला लागला. जाता जाता माझ्याकडं बघून म्हणाला काहीतरी. मी कानामागं हात धरला. त्यानं पुन्हा म्हटलं नाही.

सिल्येची गाडी वळायच्या आत हाल्वारनं कापणीचं यंत्र काढलं. यंत्र चालू करायची दोरी त्याला ओढता येत नाही, ती मी ओढली. दांडे त्यानं धरले, डावा घट्ट, उजवा नुसता टेकवून. धोंड्याला वळसा घालून त्यानं पहिली ओळ पाडली आणि मी मागून दाताळ्यानं गवत ओढत गेले. ओल्या गवताचा वास नाकात भरला, डोळ्यांत पाणी आलं, येऊ दे म्हटलं. तीन दिवसांत सगळं तारांवर चढलं. वरच्या दोन तारा माझ्या, खालच्या दोन त्याच्या. रेडिओ शेवटची पेंढी चढेपर्यंत चालूच ठेवला.

टोर्शेल आता रस्त्यात भेटला की हात वर करतो. मीही करते. बर्फ यंदाही त्यानंच काढलं, मोठा आवाज करत. पावाच्या डब्याखालचा कागद मी काढला नाही. तो एक दिवस आपोआप तिथं नव्हता.

पण हाल्वार पहिल्यांदा पुटपुटला, तेव्हा काय म्हणाला होता, ते मी त्याला आजवर विचारलं नाही. विचारणारही नाही. सगळ्या खोऱ्यानं जे ऐकलं, तेच तो म्हणाला.